रेणापूर सातची खुशाली

नांदेड,
आश्विन वद्य अष्टमी

तीर्थरूप साहेबराव दाजी यांस,

धाकटा मेहुणा भुजंग नांदेडहून हात जोडून नमस्कार करतो. हा नमस्कार पोचल्यावर त्यातला अर्धा आक्काला द्यावा. इकडे आम्ही देवाच्या कृपेने ठीक आहोत. सौ. तुळजाबाईची कंबर थंडीच्या आधीच बोलायला लागली आहे आणि मला वाचायला चष्मा लागला आहे, यापलीकडे तक्रार नाही. तुमच्याकडची खुशाली कळवावी. आक्काचा गुडघा कसा आहे? भाच्याची, दयानंदची, मोटर पाणी ओढते का? म्हैस गाभण राहिली का? आणि विहिरीकडच्या कोपऱ्यातली तूर कशी आहे? दरवर्षी या दिवसांत तिला मर लागते आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. यंदाही लागली असेलच. (लागली असावी, असंच मनापासून वाटतं. हे वाचून कपाळाला आठ्या घालू नका, खुलासा पुढे येतो.)

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. दाजी, तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरता, ‘हां, बोल’ म्हणता आणि मी बोलायला लागलो की जो जवळून जाईल त्याच्या हातात देता. मागच्या खेपेला माझ्या पोटदुखीची हकीकत मी निम्मी तुम्हाला, पाव आक्काला आणि उरलेली दूध न्यायला आलेल्या माणसाला सांगितली. (उपायही त्यानेच सांगितला आणि गुण आला, ते वेगळं.) आजची हकीकत अशी वाटून सांगण्यासारखी नाही. शिवाय तिच्यात माझी एक चूक आहे, आणि चूक कागदावर सांगायला बरी पडते. कागद मधेच हसत नाही.

तुम्हाला राजकन्या आठवत असेल. आमच्या महाविद्यालयात बुरशीवर संशोधन करणारी, भोकरकडची मुलगी. मी तिथे बावीस वर्षं प्रयोगशाळा परिचर आहे, म्हणजे ती शोध लावते आणि मी बाटल्या धुतो. तिचे आईबाप दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात. पोरगी पीएच.डी. करते म्हणजे डॉक्टरीण होणार, एवढंच गावाला कळलेलं आहे. त्यामुळे ती सुट्टीत घरी गेली की म्हाताऱ्या बायका पाठ दाखवायला येतात. तीही बिचारी पाठ बघते. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तिनेच मला मर लागलेली तूर आणायला सांगितली होती. सारं शिवार हिरवंगार उभं असताना मी नेमका तुमच्या मेलेल्या कोपऱ्यात जाऊन बसलो, म्हणून तुम्ही रागावलात आणि जेवताना माझ्याशी बोलला नाहीत. मला ते समजलं होतं. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याने सगळं सोडून मोरीच बघत बसावं, तसं ते झालं.

ती चार झाडं वर्तमानपत्रात गुंडाळून मी एसटीने नांदेडला आणली. अहमदपूरला शेजारी धोंडाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या येऊन बसल्या. त्यांनी गाठोड्याकडे बघून विचारलं, “औषधाला नेऊन राहिले का?” मी म्हणालो, “न्हाई मावशी, रोगच नेऊन राहिलो.” त्या उठल्या आणि ड्रायव्हरमागच्या सीटवर जाऊन बसल्या. लोहा येईपर्यंत माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. खोटं बोललो असतो तर दोघांचाही प्रवास सुखाचा झाला असता.

आता तुमच्याच कोपऱ्यातली झाडं का, ते सांगतो. तुम्ही तिथे पंधरा वर्षं एकच बुरशीनाशक ओतत आलात. डबीवर लिहिलेलं प्रमाण नेभळट लोकांसाठी असतं, आपल्याला दुप्पट लागतं, हा तुमचा नेम. इतकं ओतल्यावर तिथली बुरशी त्या औषधाला सरावली, जसे तुम्ही आक्काच्या बोलण्याला सरावलात. अंगावर पडतं, पण लागत नाही. राजकन्याने सात गावांची रोगट तूर जमवली होती. औषध घातलेल्या ताटलीत सहा गावांच्या बुरश्या मेल्या आणि सातवी, तुमची, जोमाने वाढली. तिचं नाव वहीत ‘रेणापूर सात’ असं पडलं. सरांनी, म्हणजे राजकन्याच्या मार्गदर्शकांनी, ती ताटली उजेडात धरून विचारलं, “कोणाच्या शेतातली?” मी मान वर करून सांगितलं, “आमच्या दाजींच्या.” नात्यातल्या माणसाचा रोग इतका नावाजलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

ही बुरशी मरत नाही याचं कारण तिच्या एका जनुकात आहे. जनुक म्हणजे पेशीतल्या लांबलचक दोऱ्याचा एक तुकडा. एखादा गुण कसा घडवायचा ते त्यात लिहिलेलं असतं. राजकन्याने तो तुकडा शोधून काढला, एका रसायनाने कात्रीने कापावा तसा कापला, दुसऱ्या एका गोल दोऱ्यात जोडला आणि तो गोल दोरा निरुपद्रवी जिवाणूच्या पोटात ठेवला. जिवाणू वाढत गेला की प्रत्येकाच्या पोटात तोच तुकडा, चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागावं तसा. याला क्लोनिंग म्हणतात. (तुळजाबाईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, एवढं येतं तर गाईचं करा, बुरशीचं कशाला.)

याचा उपयोग मला समजायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन ओळींत सांगतो. पुढे कोणाला बुरशीत दुसरा एखादा कामाचा जनुक घालायचा असेल, तर लाखो पेशींपैकी तो कोणात शिरला हे बघून कळत नाही. म्हणून त्याच्या जोडीला हा तुमचा जनुक घालायचा आणि वरून औषध टाकायचं. ज्यांच्यात जोडी शिरली त्या जगतात, बाकीच्या मरतात. मी मुखेडच्या आठवडी बाजारात वाढलेला माणूस, मला ते असं समजलं की हजार लोकांत छत्री कोणी आणली हे विचारत फिरायला नको, पाऊस आला की दिसतंच. अशा जनुकाला हे लोक ‘सिलेक्टेबल मार्कर’ म्हणतात. राजकन्या आणि मी आपसात त्याला छत्री म्हणतो.

(थोडं विषयांतर करतो. बुरशीला वाढायला बटाटे उकडलेलं पाणी लागतं. पाणी तिला आणि बटाटे वाया. अन्न टाकणं माझ्या हातून होत नाही, म्हणून मी ते बटाटे स्वच्छ डब्यात घरी नेऊ लागलो आणि तुळजाबाई त्यांना फोडणी देऊ लागली. पाणी कोणाकडे जातं ते तिला महिन्याभराने कळलं. तेव्हापासून ती आल्यागेल्याला सांगते की आमच्याकडे बुरशीची पंगत आधी उठते, मग आमची बसते.)

आता चुकीकडे येतो. इतका वेळ तिच्याभोवती फिरत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सर डिसेंबरअखेर निवृत्त होतात. त्याआधी राजकन्याने प्रबंध दिला तर दिला, नाहीतर नवे मार्गदर्शक, नवे कागद, आणि सहा वर्षांच्या कामाचा पुन्हा श्रीगणेशा. काम जवळजवळ झालेलं होतं. राहिलं होतं एवढंच की मूळ बुरशीवर शेवटची चाचणी पुन्हा करून दाखवायची आणि ती जिवंत स्वरूपात बुरशींच्या संग्रहात जमा करायची. इतक्यात खंडेनवमी आली. तुम्ही त्या दिवशी नांगर, विळे, मोटर यांना हळदकुंकू लावता. माझी हत्यारं म्हणजे ऑटोक्लेव्ह (हा आमचा मोठा कुकर), तराजू आणि बाटल्या धुण्याचे ब्रश. बावीस वर्षं मी त्यांची दाराबाहेर पूजा मांडतो. सर नारळ फोडतात, सगळे प्रसाद खातात, आजवर कोणाचं काही बिघडलं नाही.

यंदा माझ्या मनात आलं की ज्यांच्यावर पोरीचं सगळं अवलंबून आहे त्यांनाच पूजेबाहेर ठेवणं बरं नव्हे. म्हणून त्या दिवशी सकाळी कोणी यायच्या आत फ्रिजमधल्या रेणापूर सातच्या सगळ्या नळ्या आणि उबवणीच्या कपाटातल्या सगळ्या ताटल्या मी एका ठिकाणी आणल्या. एकही नळी मागे ठेवली नाही. पंगतीला बोलावताना घरातलं एखादं माणूस वगळावं, हे आपल्याकडे बसत नाही. झाकण मात्र एकाचंही उघडलं नाही, इतकं शास्त्र मला कळतं. झाकणांना हळदकुंकवाचं बोट लावलं, प्रत्येकावर आमच्या परसातलं झेंडूचं फूल ठेवलं, डोळे मिटून मागणं मागितलं आणि फुलांसकट सगळं उबवणीच्या कपाटात ठेवलं. पूजा लगेच हलवू नये असं आई म्हणायची. मी चार दिवस हलवली नाही. पाचव्या दिवशी फुलं काढली, हळदकुंकू पुसलं, नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या. सगळं जागच्या जागी. मला फार समाधान वाटलं होतं, दाजी. असं समाधान वाटलं की यापुढे मी सावध राहणार आहे.

वद्य चतुर्थीला राजकन्याने एक ताटली भिंगाखाली धरली. मग म्हणाली, “काका, हे चालून राहिलं बगा.” मी पाहिलं. आत पांढुरके, आठ पायांचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव हिंडत होते. तुमच्या पिकावर लाल कोळी पडतो ना, त्याच्या नात्यातले. ते फुलांच्या पाकळ्यांत बसून येतात, झाकणाच्या फटीतून आणि नळीच्या कापसाच्या बोळ्यातून आत शिरतात, बुरशी खातात आणि पायाला दुसरी हिरवी बुरशी लावून पुढच्या घरी जातात. त्यांना उबदार जागा मिळाली, शेजारी शेजारी घरं मिळाली आणि घरोघर जेवण मिळालं. रेणापूर सातची एकही नळी राहिली नाही. जिवाणूच्या पोटातला जनुक तेवढा वेगळ्या खोक्यात असल्याने वाचला. म्हणजे छत्री शाबूत आहे, छत्रीवाला गेला.

फुलांचं तिला ठाऊक नव्हतं. तिने सरांना सांगितलं, “चूक माझी हाय सर. खिडकी उघडी राहिली असंल.” मी तिथेच ट्रे धरून उभा होतो. तोंड उघडलं आणि “चहा आणू का” असं विचारलं. असे तीन दिवस गेले. रोज सकाळी देवापुढे हात जोडायचो आणि बोटांना झेंडूचा वास यायचा. (हात धुतलेले असायचे, तरी यायचा.) देवाला मी काही विचारलं नाही. त्याने काही केलेलंच नव्हतं. मी फूल वाहिलं, ते त्याने जसं होतं तसं, आतल्या प्रजेसकट घेतलं. पोरीसाठी भाव होता हे खरं, पण तिला विचारून पूजा करावी एवढं मला सुचलं नाही. आपलं समाधान आणि दुसऱ्याचं भलं मी एकच धरून चाललो होतो.

चौथ्या दिवशी, म्हणजे काल, ती ताटल्या निर्जंतुक करायला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. कोणतं फूल, किती दिवस, काही लपवलं नाही. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, “काका, मागणं काय मागितलं होतं?”

मी म्हणालो, “ताटल्या भरू दे म्हणून.”

“मंग भरल्या की,” ती म्हणाली.

आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही. मग म्हणाली, “सरांना खिडकी सांगून झाली. आता खिडकीच राहू द्या.” तेवढं मात्र मी ऐकलं नाही. तसाच सरांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “भुजंगराव, पुढल्या वर्षी माझ्या मागं तुम्ही फक्त कुकर पुजा.” बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच राव म्हटलं, ते अशा वेळी.

तर अशी ही हकीकत. सहज कळवावी म्हणून लिहिली, दुसरं मागणं काही नाही. वडील गेल्यापासून तुम्हालाच त्यांच्या ठिकाणी मानतो, म्हणून मन मोकळं केलं. आक्काला म्हणावं, गुडघ्याला शेक चालू ठेव. दयानंदला आशीर्वाद.

तुमचा
भुजंग

ता. क. दुसरं मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते एक सोडून. राजकन्याने सगळं आवरल्यावर विचारलं, “तो कोपरा हाय न्हवं अजून?” मी लगेच “हाव” म्हणून बसलो. त्याच कोपऱ्यातली बुरशी पुन्हा काढली तर तिच्याजवळ तीच छत्री असण्याचा फार संभव आहे, आणि डिसेंबरपर्यंत चाचणी बसते. तेव्हा तिथली मर लागलेली पाच झाडं, मुळांसकट, कृपा करून तशीच उभी ठेवावी. त्यांना औषध घालू नये. शक्य तर त्यांना कोणी बरं करू नये. मी भाऊबीजेला येतोच आहे.

ता. क. दुसरा. “हाव” म्हणून घरी येताना वाटेत मला आठवलं की गेल्या भाऊबीजेला मीच तुमच्या अंगणात उभा राहून, एक तास, रोगट झाडं दिसली की उपटा, जाळा आणि पुढं तिथं ज्वारी घ्या, असं व्याख्यान दिलं होतं. तुम्ही सुपारी कातरत होता आणि एकदाही मान हलवली नाहीत. दाजी, आक्काच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. या अठ्ठावीस वर्षांत तुम्ही माझा एकही सल्ला ऐकलेला नाही. विहीर मी म्हणालो त्याच्या उलट्या बाजूला खणलीत, दयानंदला मी नको म्हणालो त्या शाळेत घातलंत. पूर्वी याचं मला वाईट वाटायचं. आज मी देवापुढे बसून एवढंच मागितलं आहे की दाजींचा स्वभाव बदललेला नसू दे.

ता. क. तिसरा, नवमीला सकाळी. पाकीट चिकटवणार इतक्यात आक्काचा फोन आला. भाऊबीजेला काय खाशील हे विचारायला केला होता. ती आनंदाने म्हणाली, “तुझ्या दाजींनी औंदा पहिल्यांदा तुझं ऐकलं बग. सोमवारी समदा कोपरा उपटला आन पेटवून दिला.” मी जिन्यावर बसलो. ती पुढे म्हणाली, “मी म्हणलं, एवढ्या चांगल्या वाळलेल्या तुराट्या कशाला जाळता, म्हणून चार-पाच वढून घेतल्या आन खराटा बांधला. लई झकास झालाय.” एवढं बोलून तिचं दूध उतू गेलं आणि फोन बंद झाला. मी दोनदा उलटा फोन लावला. दोन्ही वेळा तुम्ही उचललात, आणि माझं ऐकल्याबद्दल तुम्हाला काय बोलावं ते न सुचल्याने मी पावसापाण्याचं विचारून ठेवून दिला. राजकन्याला विचारलं. ती म्हणते, ही बुरशी वाळलेल्या तुराटीत वर्षानुवर्षं जिवंत बसते, खराटा चालेल. तेव्हा दाजी, पोरीची सहा वर्षं आता तुमच्या अंगणात भिंतीला टेकून उभी आहेत. त्याने झाडू नये, तो भिजवू नये, वापरायला दयानंदने विकतचा आणावा. हे पाकीट मी आत्ता स्पीड पोस्टाने टाकतो आहे, लक्ष्मीपूजनाच्या आत मिळेल.

ता. क. चौथा, हा फक्त आक्काला, आणि शाई संपत आली आहे म्हणून थोडक्यात. आक्का, तू लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतेस आणि तिच्या शेजारी खराटाही मांडतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. यंदा केरसुणीला हळदकुंकू लाव, फूल वाहा, सगळं यथासांग कर. खराट्याला मात्र लांबूनच हात जोड. आणि झेंडू तर अंगणातसुद्धा आणू नकोस. मी असं लिहीन असं मला स्वतःला कधी वाटलं नव्हतं, पण मागणं मागायचंच झालं तर काय मागायचं ते नीट ठरवून माग. नुसतं ‘भरू दे’ म्हणू नकोस.